आईच्या रक्तात राहिलेली भावंडे

१८९३ साली गेऑर्ग श्मोर्ल या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने गरोदरपणात किंवा बाळंतपणात झटके येऊन दगावलेल्या सतरा स्त्रियांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांमध्ये त्याला अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी अडकलेल्या आढळल्या. फुप्फुसात अशा पेशी नसतात. त्या वारेतून, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या प्लॅसेंटातून, सुटल्या होत्या आणि आईच्या रक्ताबरोबर वाहत तिथवर पोहोचल्या होत्या. वारेचा मोठा भाग गर्भाच्या पेशींतून घडत असल्यामुळे या निरीक्षणाचा सरळ अर्थ असा होता, की पोटातल्या बाळाचा काही अंश गर्भाशयाची हद्द ओलांडून आईच्या शरीरात फिरतो.

आई आणि गर्भ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, असे आपण शाळेत शिकलो आणि ते बरोबरच आहे. वारेमध्ये दोन्ही रक्तप्रवाह पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतात आणि प्राणवायू, साखर, क्षार यांची देवघेव त्या पडद्यातून होते. मात्र हा पडदा अभेद्य नाही. पहिल्या तिमाहीतच गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरू लागतात आणि आईच्याही थोड्या पेशी उलट दिशेने बाळात जातात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. आईच्या एका मिलिलिटर रक्तात तिच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी साधारण चाळीस लाखांपासून एक कोटीपर्यंत असतात, तर गर्भाच्या पेशी जेमतेम काही मोजक्या. बाळंतपणानंतर आईची प्रतिकारशक्ती त्यांतल्या बहुतेकांचा निकाल लावते. सगळ्यांचा मात्र नाही.

हे ठामपणे दाखवले ते डायना बियांची या अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ डॉक्टरांच्या चमूने, १९९६ साली. मुलगा झालेल्या स्त्रियांच्या रक्तात त्यांनी वाय गुणसूत्राचा शोध घेतला. स्त्रीच्या स्वतःच्या पेशींत वाय गुणसूत्र नसते, त्यामुळे ते सापडले तर ते दुसऱ्या कोणाकडून तरी आलेले असणार, हे तर्काला सोपे पडते. तपासलेल्या स्त्रियांपैकी एकीचा मुलगा तेव्हा सत्तावीस वर्षांचा झाला होता, आणि त्याच्या जन्माआधीच्या पेशी अजून तिच्या रक्तात होत्या. २०१२ साली सिअ‍ॅटलमधील संशोधकांनी ५९ मृत स्त्रियांच्या मेंदूंचे नमुने तपासले, तेव्हा ६३ टक्के स्त्रियांच्या मेंदूत पुरुषी डीएनए मिळाला. त्यांतील सर्वांत वयस्क स्त्री ९४ वर्षांची होती. एका शरीरात दुसऱ्याच्या पेशी अशा अल्प प्रमाणात नांदण्याला ‘मायक्रोकायमेरिझम’ म्हणतात.

या संशोधनाच्या बातम्या आपल्याकडे ‘मुलाच्या पेशी आईच्या मेंदूत’ अशा थाटात फिरतात आणि मला त्याचा खेद वाटतो. मुलींच्याही पेशी आईत तशाच उतरतात आणि तशाच टिकू शकतात. वाय गुणसूत्र शोधणाऱ्या चाचणीला त्या दिसत नाहीत, इतकेच. मुलग्यांचे पारडे जड दिसते ते चाचणीच्या मर्यादेमुळे. निसर्गाने तसा काही पक्षपात केल्याचा पुरावा यात नाही.

हा विषय मी वाचू लागले त्यामागचे कारण घरगुती आहे. आईच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरीणबाई कागदावर तिची माहिती लिहून घेत होत्या. “काकू, एकूण किती वेळा दिवस गेले होते?” त्यांनी विचारले. आई म्हणाली, “दोनदा. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं.” मी शेजारीच फाइल घेऊन बसले होते. एकुलती एक म्हणून वाढलेल्या मला हे पहिल्यांदाच कळत होते. घरी आल्यावर तिने सांगितले, की तेव्हा तिचे वय बावीस होते. मुलगा होता की मुलगी, हे तिला कोणी सांगितले नाही आणि तिलाही विचारायचा धीर झाला नाही. आजीने तिला चार दिवस झोपवून ठेवले, डिंकाचे लाडू केले, आणि ‘वय आहे अजून, पुन्हा राहील’ असे म्हणून सगळ्यांनी तो विषय मिटवला. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे असेच झाले. अंगावर दूध येऊन छाती ठणकली तेव्हा ओढणीने घट्ट बांधून घ्यायला सांगितले गेले. शरीराला बाळ गेल्याची खबर पोहोचलेलीच नव्हती. वार सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या गरोदरपण टिकवणाऱ्या संप्रेरकाची पातळी कोसळते आणि दूध येण्याची क्रिया सुरू होते. पाचव्या महिन्यापासून पुढे बाळ जिवंत असो वा नसो, ही क्रिया तशीच घडू शकते.

गर्भपातातही पेशी मागे राहतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना एकही मुलगा नव्हता अशा १२० स्त्रियांचे रक्त तपासले गेले आणि त्यांतल्या २१ टक्के स्त्रियांत पुरुषी डीएनए सापडला. गर्भपात करून घेतलेल्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. आपोआप गर्भपात झालेल्यांतही ते लक्षणीय होते. वार सुटताना किंवा काढली जाताना पेशी मोठ्या संख्येने आईच्या रक्तात शिरतात, हे त्याचे संभाव्य कारण आहे. मला सर्वांत विचार करायला लावला तो याच अभ्यासातल्या, कधीच दिवस न राहिलेल्या स्त्रियांनी. त्यांतल्याही काहींच्या रक्तात पुरुषी डीएनए होता. लक्षातही न आलेला गर्भपात किंवा पोटातच विरून गेलेला जुळा भाऊ ही कारणे संभवतात, आणि आणखी एक शक्यता अशी, की थोरल्या भावाच्या पेशी आधी आईत राहिल्या आणि पुढच्या गरोदरपणात तिच्यातून धाकटीत आल्या.

या पेशी आत बसून करतात काय, याबद्दल समाजमाध्यमांवर फार गोड लिहिले जाते. ‘बाळ पोटातूनच आईचे हृदय बरे करते’ हे विधान मुळात उंदरांवरच्या प्रयोगातून आले आहे. गाभण मादीच्या हृदयाला इजा केल्यावर गर्भाच्या पेशी त्या जागी गोळा झाल्या आणि त्यांतल्या काही हृदयाच्या पेशींत रूपांतरित झाल्या, हे खरे. माणसातही सीझरच्या भरलेल्या व्रणात गर्भाच्या पेशी आढळल्या आहेत. त्या तिथे दुरुस्तीला गेल्या की नुसत्या अडकून पडल्या, हे त्यावरून ठरत नाही. याउलट, स्क्लेरोडर्मा या त्वचा ताठर करणाऱ्या आजारात अशा पेशींचे प्रमाण जास्त असल्याचे १९९८ साली दिसून आले आणि त्या आजाराला हातभार लावत असाव्यात, असा संशय घेतला गेला. पेशींना माया नसते. आईच्या दुःखाला शरीराचा आधार होता, हे कळायला मात्र त्या पुरेशा आहेत, आणि तिला ‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांना ते कळायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

आईच्या पेशीही आपल्यात राहतात. त्या गर्भाच्या लसिकाग्रंथींत पोहोचतात आणि तिथे, आईच्या पेशींवर हल्ला करू नये असे शिकवणाऱ्या नियंत्रक पेशी तयार होतात, हे २००८ साली दाखवले गेले. त्यातल्या काही पेशी मोठेपणीही टिकतात.

हे सगळे आईला समजावून सांगितल्यावर तिने एकच विचारले, “आणि ती मुलगी असली तर?” तेव्हा वाय गुणसूत्राचा उपयोग नाही. दुसरा मार्ग आहे. बाबांकडे बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती आहेत, त्यांतली एकेकच मला मिळाली. बाबांची जी रूपे आईतही नाहीत आणि माझ्यातही नाहीत, ती आईच्या रक्तात मिळाली, तर ती त्या पहिल्या बाळाकडूनच आलेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी. त्यासाठी आम्हा तिघांचेही रक्त लागेल, लाखो पेशींतून एखाददुसरी हुडकावी लागेल, आणि काही सापडले नाही तरी त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. उपचारांसाठी या तपासणीची गरज पडत नाही. ती संशोधनापुरतीच केली जाते.