वारंवार लघवी होणे

वारंवार लघवी होणे : नेहमीपेक्षा जास्त वेळा लघवीला जावे लागणे. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. प्रौढ माणसाला चोवीस तासांत साधारण ६ ते ८ वेळा लघवी होते. पण पिण्यातले पाणी, चहा-कॉफी, हवामान यांनी हा आकडा सहज मागेपुढे होतो. म्हणून स्वतःच्या नेहमीच्या सवयीत पडलेला फरक अधिक महत्त्वाचा.

कारण शोधताना ‘किती वेळा’ इतकेच ‘दर वेळी किती’ हेही विचारावे लागते, आणि नेमके हेच बहुतेकांनी पाहिलेले नसते. मूत्राशयात १५० ते २०० मिलिलिटर मूत्र साठले की पहिली जाणीव होते. ३०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत ते धरून ठेवता येते. दर वेळी भरपूर लघवी होत असेल, तर मूत्रच जास्त तयार होत आहे. थोडी थोडी होत असेल, तर दोष बहुधा मूत्राशयात किंवा त्याच्या वाटेवर आहे.

दिवसाला ३ लिटरहून अधिक मूत्र होणे म्हणजे बहुमूत्रता. तिचे नेहमी आढळणारे कारण मधुमेह. रक्तातील साखर दर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. तहान लागते ती त्यामुळे. अशा वेळी लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणे घातक ठरते. रक्तदाबासाठी दिलेल्या मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या, रक्तात वाढलेले कॅल्शियम, व्हासोप्रेसिन या संप्रेरकाची कमतरता हीही कारणे असतात.

थोडी थोडी लघवी, जळजळ आणि ओटीपोटात दुखणे यांना बोलीत ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. नावामुळे दोष उन्हावर जातो, पण पुष्कळदा मूळ जंतुसंसर्ग असतो, आणि तो बहुधा ई. कोलाय या जिवाणूचा. तो स्त्रियांत अधिक, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो. उतारवयातील पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी वाट अडवते : धार बारीक होते, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. अतिक्रियाशील मूत्राशयात घाई अचानक आणि अनावर असते. मुतखडा, गर्भारपण, आणि लहान मुलांत तर साधे बद्धकोष्ठसुद्धा कारण असू शकते.

फक्त रात्री उठावे लागत असेल तर पायांवर सूज आहे का ते पाहावे. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे जाते. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांनाही हा त्रास होतो.

निदानासाठी तीन दिवसांची नोंदवही फार उपयोगी पडते. मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळेसह लिहायची, प्यायलेले पाणीही लिहायचे. ‘रात्री १.१० – ९० मिलि, २.४० – ८०’ अशा ओळी आणि दर वेळी ४०० दाखवणाऱ्या ओळी डॉक्टरांना वेगवेगळ्या दिशेला नेतात. घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावेही सोबत न्यावीत. पुढे लघवीची तपासणी, रक्तातील साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी होते. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरले तेही तीत दिसते. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, मधल्या धारेचा नमुना लागतो, तोही प्रतिजैविक सुरू करण्याआधी. घरात उरलेल्या गोळ्या आधीच घेतल्या तर जंतू सापडत नाहीत आणि खरे कारण झाकले जाते.

संकोचापोटी अनेक जण वर्षानुवर्षे हे सांगतच नाहीत; प्रवास आणि समारंभ मात्र टाळत राहतात. लघवीत रक्त दिसले, तर दुखत नसले तरी तपासणी लांबवू नये. मूत्राशयाचा कर्करोग कित्येकदा वेदनेविनाच सुरू होतो. थंडी-तापासह कुशीत दुखणे, लघवी पूर्ण अडणे, तीव्र तहानेबरोबर उलट्या व गुंगी, किंवा पायांतली शक्ती जाऊन जांघेत बधिरपणा येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.