पाद्री नाही, मतदानही नाही: क्वेकरांच्या समतेची वाट

चर्चचा कारभार सगळ्यांनी मिळून पाहावा, हा आज अनेक प्रागतिक चर्चमधून दिसणारा आग्रह क्वेकर या ख्रिस्ती पंथाने साडेतीनशे वर्षांपूर्वीच धरला होता. १६५२ च्या सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स सांगत फिरू लागला, की ख्रिस्ताचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतरात आहे. मग मध्ये पाद्री कशाला? लोक शांत बसत. ज्याला आतून प्रेरणा होई तो, किंवा ती, उठून बोले. स्त्रियांनी उपासनेत बोलण्याला बायबलचाच आधार आहे, हे फॉक्सच्या सहकारी मार्गारेट फेल यांनी १६६६ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पुस्तिकेत दाखवून दिलं.

कारभाराची रीतही तीच. सभेत मतदान होत नाही. कामकाज पाहणारा क्लार्क सगळ्यांचं ऐकून सभेचा कल टिपतो, ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो. तो पटला नाही, तर शब्द बदलतात किंवा विषय पुढच्या सभेवर जातो. बहुमताच्या जोरावर कुणाला गप्प बसवता येत नाही, हे या रीतीचं मोठेपण.

पण याच रीतीने अन्यायालाही वेळ मिळवून दिला. १६८८ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघा क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन दिलं. ते स्थानिक मासिक सभेकडून तिच्या वरच्या त्रैमासिक सभेकडे आणि तिथून सर्वांत वरच्या वार्षिक सभेकडे गेलं, आणि तिथेच बाजूला पडलं. कित्येक वजनदार क्वेकरांच्याच घरी गुलाम होते. कल त्यांना वगळून कसा ठरणार? पुढे जॉन वुलमन हा शिंपी घरोघरी जाऊन गुलाम बाळगणाऱ्या बांधवांशी बोलत राहिला. त्यांच्याकडे मुक्काम केला, तर गुलामांच्या हातात सेवेचे पैसे ठेवून निघायचा. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला तो १७७६ मध्ये. म्हणजे ८८ वर्षं गेली, आणि ती गुलामांच्या आयुष्यातली गेली.

त्यानंतरही फिलाडेल्फियात क्वेकरांच्या उपासनेत कृष्णवर्णीयांसाठी बाक वेगळा होता. गोऱ्यांपैकी कुणी चुकून तिथे बसू नये म्हणून राखण असे, हे सारा मॅप्स डग्लस या कृष्णवर्णीय शिक्षिकेने लिहून ठेवलं आहे. प्रकाश सर्वांच्या ठायी मानणाऱ्यांचा हा बाक मला निवेदन बाजूला ठेवण्याहून जास्त खुपतो.

ब्रिटनच्या क्वेकरांनी २००९ मध्ये, याच बिनमतदानाच्या रीतीने, समलिंगी जोडप्यांचे विवाह लावण्याचा निर्णय घेतला. इंग्लंड-वेल्समध्ये असे विवाह कायदेशीरपणे होऊ लागले ते २०१४ पासून. मात्र जगातले सर्वाधिक क्वेकर आज केनियात आहेत. तिथल्या बहुतेक मंडळ्यांना पाद्री आहेत, आणि समलिंगी विवाह त्यांना मान्य नाहीत.