१९४८ नंतरचं फिन्सबरी: डॉक्टर, सुईण, बाळाचं दूध आणि गळक्या घराचा दाखला कसा मिळे

५ जुलै १९४८ ला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि डॉक्टरची फी गेली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्यानंतर लंडनच्या एखाद्या साध्या वस्तीतल्या बाईने नेमकं कुठल्या खिडकीवर जायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. पात्रतेची कटकट जवळपास नव्हती. खरी गोम होती योग्य ऑफिस ओळखण्यात.

उदाहरणाला फिन्सबरी घेऊ. लंडनच्या तेव्हाच्या २८ मेट्रोपोलिटन बरोंपैकी (बरो म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेला शहराचा विभाग) हा एक छोटा, दाटीवाटीचा, कामगारांचा बरो. १९६५ साली तो इस्लिंग्टनमध्ये विलीन झाला. १९३८ मध्ये तिथे पाइन स्ट्रीटवर बरोने स्वतःचं आरोग्य केंद्र उघडलं. क्षयरोगाचा दवाखाना, दात, पाय, स्त्रियांचा दवाखाना, जंतुनाशनाची सोय, असं सगळं एका इमारतीत आणलं होतं. त्यामागे बरोच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष डॉ. चुनीलाल कटियाल होते, पंजाबातून आलेले. त्याच साली ते फिन्सबरीचे महापौर झाले. पुढे भारतात परतून ते आपल्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे (ईएसआयचे) पहिले महासंचालक झाले. ईएसआयचं कार्ड खिशात बाळगणाऱ्या गिरणगावातल्या कुटुंबांचा या लंडनच्या बरोशी असा दूरचा धागा आहे. फरक एवढाच की ईएसआयसाठी आधी नोकरी आणि वर्गणी लागते. १९४८ च्या ब्रिटिश योजनेत तीही अट नव्हती.

आधी दार ओळखा

नव्या कायद्याने कामं वाटून टाकली. घरचा डॉक्टर, दंतवैद्य, चष्मेवाला आणि केमिस्ट हे एक्झिक्युटिव्ह कौन्सिलकडे, म्हणजे त्यांच्यासाठी नेमलेल्या वेगळ्या मंडळाकडे. सुईण, हेल्थ व्हिजिटर (बाळाची विचारपूस करायला घरी येणारी आरोग्यसेविका), घरी येणारी नर्स, घरकामाची मदत, लस, अँब्युलन्स हे सगळ्या बरोंच्या वरच्या लंडन काउंटी कौन्सिलकडे. रोझबेरी अव्हेन्यूवरच्या टाउन हॉलमध्ये बसणाऱ्या बरो कौन्सिलकडे उरलं ते संसर्गजन्य रोग, जंतुनाशन, अन्नतपासणी आणि राहत्या घरांची अवस्था. इस्पितळं चौथ्याच यंत्रणेकडे गेली. अपघात किंवा तातडीची वेळ सोडली तर तिथे जायला डॉक्टरची चिठ्ठी लागे. ज्या बरोने एका छताखाली सगळं आणून दाखवलं होतं, तिथेच दहा वर्षांत ही वाटणी झाली. मला हा त्या कायद्यातला सगळ्यात दुबळा भाग वाटतो.

डॉक्टरकडे नाव नोंदवणं

पात्रता: इथे राहता ना, मग पुरे. उत्पन्न, नोकरी, विम्याची वर्गणी, काहीच आड येत नव्हतं. लोकांचा गोंधळ व्हायचा, कारण त्याच दिवशी राष्ट्रीय विमा योजनाही सुरू झाली आणि कामगाराच्या पगारातून दर आठवड्याला विम्याचा स्टँप कापला जाऊ लागला. त्या स्टँपवर आजारपणाचा भत्ता आणि पेन्शन अवलंबून होतं, डॉक्टर नाही. परदेशी पाहुण्यांनाही सेवा मिळे. १९४९ मध्ये त्यांच्याकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारने कायद्यात घालून घेतला खरा, पण त्याचे नियम निघाले थेट १९८२ मध्ये. म्हणजे १९५० साली मुंबईहून शिकायला गेलेला विद्यार्थीही बिनदिक्कत डॉक्टरच्या यादीत नाव घालू शकत होता.

अर्जाचा नमुना होता ई.सी. १. तो डॉक्टरकडे, पोस्टात, सार्वजनिक वाचनालयात किंवा एक्झिक्युटिव्ह कौन्सिलच्या ऑफिसात मिळे. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा फॉर्म. सोळा वर्षांवरच्यांनी आपला डॉक्टर स्वतः निवडायचा, लहानांचा आईवडिलांनी. भरलेला फॉर्म कौन्सिलकडे नाही, निवडलेल्या डॉक्टरच्या हातात द्यायचा. त्याने होकार दिला की पुढचं काम त्याचं, आणि मग वैद्यकीय कार्ड हाती येई.

जुन्या आरोग्य विम्याखाली जे कामगार आधीच एखाद्या डॉक्टरच्या यादीवर होते, त्यांना काहीच करायचं नव्हतं. नाव आपोआप पुढे चालू राही. मात्र जुना विमा फक्त कमावणाऱ्याचा होता. बायको आणि मुलं त्यात नव्हती, त्यामुळे ई.सी. १ चे फॉर्म भरावे लागले ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

कागदपत्र म्हणाल तर एकच महत्त्वाचं: युद्धकाळातलं राष्ट्रीय ओळखपत्र. त्यावरचा क्रमांकच आरोग्य सेवेचा क्रमांक झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये ओळखपत्रं रद्द झाली, पण क्रमांक तोच राहिला, त्यामुळे ते जुनं कार्ड फेकून न देणं शहाणपणाचं होतं.

डॉक्टर नाही म्हणू शकत असे. एका डॉक्टरच्या यादीत सुरुवातीला चार हजार नावांची मर्यादा होती, आणि दाट वस्तीत याद्या भरायला वेळ लागत नसे. कुणीच घेत नसेल तर एक्झिक्युटिव्ह कौन्सिलकडे जायचं; ते एखाद्या डॉक्टरला नेमून देत.

दातांसाठी नोंदणी नव्हती, थेट जायचं. चष्म्यासाठी पहिल्या खेपेला ‘डोळे तपासायला हवेत’ असं डॉक्टरकडून लिहून आणावं लागे. इथे फुकटपणाला लवकरच ओहोटी लागली: मे १९५१ पासून कवळी आणि चष्म्याला पैसे, १ जून १९५२ पासून औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीला १ शिलिंग आणि दातांच्या उपचाराला १ पौंडापर्यंत. गरोदर बायकांना दातांच्या उपचाराची फी माफ होती.

बाळंतपण आणि बाळ

घरी बाळंत व्हायचं असेल तर काउंटी कौन्सिलच्या सुईणीकडे आधीच नाव द्यायचं. फी नाही. बाळंतपणानंतर निदान चौदा दिवस बाळंतिणीची जबाबदारी सुईणीची, पुढे हेल्थ व्हिजिटर येई.

जन्माच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि लोक त्यांची सरमिसळ करत. जन्माची सूचना ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याकडे जायची. ती बहुधा सुईण किंवा डॉक्टरच पाठवी, आणि तिच्यावरूनच हेल्थ व्हिजिटर न बोलावता दारात येई. जन्मनोंदणी मात्र आईवडिलांनी ४२ दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडे जाऊन करायची. सूचना गेली म्हणजे नोंदणी झाली असं नाही.

रेशन अजून चालू होतं, म्हणून दुधासाठी चौथं-पाचवं ऑफिस: अन्न मंत्रालयाचं फूड ऑफिस. गरोदर असल्याचं डॉक्टर, सुईण किंवा हेल्थ व्हिजिटरचं प्रमाणपत्र दाखवलं की हिरवं रेशनबुक मिळे. त्यावर स्वस्त दूध आणि जादा रेशन, शिवाय संत्र्याचा रस ५ पेन्सला बाटली आणि कॉड लिव्हर ऑइल फुकट. पाच वर्षांखालच्या मुलांनाही हे मिळे. तान्ह्यांसाठी नॅशनल ड्राइड मिल्कचे, म्हणजे सरकारी दूधपावडरीचे, डबे असत. १९५४ मध्ये रेशन संपलं, फूड ऑफिसं बंद झाली आणि हे वाटप काउंटी कौन्सिलकडे आलं.

देवीची लस १९४८ पासून ऐच्छिक झाली. त्याआधी लस टोचून घ्यायची नसेल तर बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत आईवडिलांना शपथेवर लिहून द्यावं लागे. आता न टोचण्यासाठी कुठलाच कागद उरला नाही.

घरकामाची मदतनीस बाळंतीण, आजारी किंवा म्हातारं माणूस असलेल्या घराला मिळे. ही सेवा फुकट नव्हती. ऐपतीप्रमाणे पैसे आकारले जात, त्यामुळे उत्पन्न सांगावं लागे.

टाउन हॉलकडे उरलेलं

घटसर्प, लाल ताप असा रोग निघाला तर अर्ज नव्हे, कळवण्याचं कायदेशीर बंधन होतं, डॉक्टरवर आणि कुटुंबप्रमुखावरही. पुढे बरोची माणसं येऊन जंतुनाशन करत.

गळकं छत, तुंबलेला संडास, ओल चढलेली भिंत याची तक्रार कुणीही भाडेकरू करू शके. कागद लागत नसे. सॅनिटरी इन्स्पेक्टर, १९५६ पासून त्यांना पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर म्हणू लागले, येऊन बघे. मग घरमालकाला आधी लेखी समज, आणि ऐकलं नाही तर कायदेशीर नोटीस.

पण भाड्याशी जोडलेला दाखला हवा असेल तर वाट लांब होती, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होण्याजोग्या होत्या. १९५७ च्या भाडे कायद्याने नियंत्रित भाडी वाढवायची मुभा मालकांना दिली. घर नादुरुस्त असेल तर वाढ रोखण्यासाठी भाडेकरूने बरोकडून नादुरुस्तीचा दाखला आणायचा. पण पहिला अर्ज बरोकडे करायचाच नाही. आधी फॉर्म जी वर एकेक दोष लिहून तो मालकाला द्यायचा. सहा आठवडे थांबायचं. दुरुस्ती झाली नाही तरच फॉर्म आय भरून अडीच शिलिंग फीसह टाउन हॉलमध्ये द्यायचा. इन्स्पेक्टर पाहणी करे, आणि घराचं वय, प्रकार आणि वस्ती बघता जे दोष दुरुस्त व्हायलाच हवेत तेवढेच धरले जात. भाडेकरूच्या अंगावरची दुरुस्ती त्यात येत नसे.

दोष खरे ठरले तरी दाखला लगेच मिळत नसे. बरो मालकाला फॉर्म जे पाठवी: तीन आठवड्यांनी दाखला देणार आहोत. त्या मुदतीत मालकाने फॉर्म के वर ‘सहा महिन्यांत दुरुस्त करतो’ असं लिहून दिलं की दाखला अडे. नुसत्या शब्दावर मालकाला अर्धं वर्ष, आणि भाडेकरूला मात्र इंग्रजी मुळाक्षरांची ही सगळी ओळ तोंडपाठ हवी. कायदा कुणाकडे झुकला होता ते उघड आहे. एकच अंकुश होता. सहा महिने उलटले आणि काम झालं नाही, तर दाखला दिलाच आहे असं धरलं जाई आणि भाडं खाली येई.