जगजाहीर करायची किल्ली

किल्ली लपवून ठेवायची असते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. म्हणून गुप्त संदेशांसाठी वापरायची ‘पब्लिक की’, म्हणजे जगाला वाटून टाकायची किल्ली, ही कल्पना प्रथम खटकते. मला ती पटली ती कागदावर आकडेमोड केल्यावरच.

3 आणि 11 या मूळ संख्या घ्या. गुणाकार 33. आता 33 आणि 3 (हा 3 घात करण्यासाठी, वरच्या मूळ संख्येशी त्याचा संबंध नाही) हे दोन आकडे खुशाल जाहीर करा. ही तुमची सार्वजनिक किल्ली. कुणाला तुम्हाला 4 हा आकडा गुपचूप कळवायचा आहे. त्याने 4 चा घन करावा, 64. त्याला 33 ने भागून उरलेली बाकी, 31, पाठवावी. तुमच्याकडे 7 ही खासगी किल्ली आहे. 31 चा सातवा घात करून 33 ने भागा, बाकी 4 येते. (31 ऐवजी उणे 2 धरा, मग तोंडीही जमेल: उणे 128 मध्ये 132 मिळवायचे.)

हा 7 आला कुठून? 3 आणि 11 मधून एकेक वजा करून गुणले की 20. ज्याला जाहीर केलेल्या 3 ने गुणल्यावर 20 ने भागून बाकी 1 उरते, तो 7. म्हणजे 33 चे अवयव कळले की गुपित फुटले! म्हणूनच प्रत्यक्षात सहाशेहून जास्त अंकी संख्या वापरतात. ही पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची, 1977 सालची. त्यांनी तेव्हा आव्हान म्हणून दिलेल्या 129 अंकी संख्येचे अवयव पाडायला 1994 उजाडले, तेही सुमारे 600 स्वयंसेवकांनी आपापले संगणक जुंपल्यावर.

मला याहून मोलाचा वाटतो तो उलटा वापर. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने कुणालाही तपासता येते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच तत्त्वावर उभा आहे. उताऱ्याच्या मजकुरावरून संगणक एक छोटा ठसा काढतो आणि सही त्या ठशावर होते. फाइलमध्ये कुणी एक गुंठा जरी वाढवला, तरी ठसा बदलतो आणि सही जुळत नाही. ती सार्वजनिक किल्ली खरोखर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचीच आहे, याची हमी 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली परवाना मिळालेली संस्था प्रमाणपत्र देऊन घेते.

एक लक्षात ठेवा: सही फाइलमध्ये असते, छापलेल्या कागदावर नाही. कागद हातात आला, तर त्यावरचा पडताळणी क्रमांक टाकून मूळ उतारा संकेतस्थळावर पाहावा.