‘हे पाप आहे’ आणि ‘तो नरकात गेला’ यात फरक आहे राव

आपल्या कोल्हापुरात ख्रिश्चन म्हटलं की बऱ्याच जणांना वायल्डर मेमोरियल चर्च आठवतं, पण ते प्रोटेस्टंट, मी इथं कॅथलिकांचं बोलतोय. "अमक्यानं जीव दिला, म्हणजे तुमच्यात तो डायरेक्ट नरकात ना?" हे हिंदू मित्रानं विचारलं तर समजू शकतो, पण दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसणारी आपलीच कॅथलिक माणसं हेच छातीठोक सांगतात तेव्हा डोकं फिरतं.

पाप म्हणजे काय ते सांगत बसत नाही, दहा आज्ञा पाठ असतील. खून, व्यभिचार, जीव देणं ही गंभीर पापं, आणि कृत्याला गंभीर पाप म्हणायला चर्च अजिबात लाजत नाही. पण ‘म्हणून तो माणूस नरकात आहे’ हे त्यातून आपोआप निघत नाही, सगळा घोळ इथंच.

नरकापर्यंत नेणाऱ्या पापाला, म्हणजे मॉर्टल सिनला, तीन गोष्टी एकदम लागतात. बाब गंभीर पाहिजे, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला पुरतं कळलेलं पाहिजे, आणि त्यानं ती जाणूनबुजून, स्वतःच्या मर्जीनं केलेली पाहिजे. पहिली बाहेरून दिसते. बाकीच्या दोन त्याच्या आत, तो घाबरलेला होता का, डोकं थाऱ्यावर होतं का, सवयीनं जखडला होता का, हे तुम्हाआम्हाला काय कळणार, घरच्यांनाही कळत नाही कितीदा. 1992 च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, आत्महत्येबद्दल सरळ लिहिलंय की गंभीर मानसिक त्रास किंवा भयंकर भीती असेल तर जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाची आशा सोडायची नाही, पश्चात्तापाची संधी देव त्याला एकट्याला ठाऊक असलेल्या वाटांनी देऊ शकतो.

बरं, तिन्ही गोष्टी होत्या असं धरलं तरी शेवटचा क्षण उरतोच. फ्रान्समधल्या आर्स गावचे संत जाँ-मारी व्हियानी यांची गोष्ट सांगतात, पुलावरून उडी मारलेल्या एकाची बायको त्यांच्याकडं आली तर म्हणाले, कठडा आणि पाणी यांच्यामधे त्याला पश्चात्ताप करायला वेळ होता. कलम लागलं म्हणजे शिक्षा झाली असं कोर्टातसुद्धा नसतं, आणि ही फाईल तर आपल्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचकडं पण येणार नाही.

कुणाला हे आजकालचं मऊ धोरण वाटत असेल तर बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र काढा. चौथ्या अध्यायात म्हणतो, वेळेआधी न्याय करू नका, मी माझासुद्धा करत नाही. आणि लगेच पाचव्यात बापाच्या बायकोबरोबर राहणाऱ्याला मंडळीतून हाकला म्हणतो! कृत्याचा निवाडा एकदम कडक, पण हाकलायचं कारण काय, तर प्रभूच्या दिवशी, म्हणजे शेवटच्या न्यायाला, त्याचा आत्मा तरावा. तो नरकात जाणारच असं पौल म्हणत नाही.

आता उलटी गँग. "आपण कोण न्याय करणारे" म्हणून बायबलमधलं मत्तय 7:1, ‘न्याय करू नका’, तोंडावर फेकायचं आणि विषय बंद, मग कशालाच पाप म्हणायचं नाही. भावा, त्याच अध्यायात खाली खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखा म्हटलंय, तेवढं पण वाच की. आणि नरकात कोण आहे त्याचं नाव घेता येत नाही म्हणजे नरक रिकामा आहे असंही नाही. पोप जॉन पॉल दुसरे 1999 मध्ये म्हणाले होते की नरक ही खरी शक्यता आहे, पण नेमकं कोण तिथं आहे हे देवानं खास प्रकट केल्याशिवाय आपल्याला कळत नाही. मला तर ही उलटी गँग पहिलीपेक्षा जास्त खटकते, कारण पहिली निदान पापाला पाप तरी म्हणते.

बाकी किरकोळ. चर्च संत जाहीर करतं, म्हणजे हा स्वर्गात आहे असं सांगतं, नरकात गेलेल्यांची यादी मात्र कधीच काढली नाही. चर्चचा बहिष्कार (एक्सकम्युनिकेशन) म्हणजे पण नरकाचं तिकीट नव्हे, माणूस परत यावा म्हणून दिलेली शिक्षा, ती उठवताही येते. जोन ऑफ आर्कला 1431 मध्ये चर्चच्याच कोर्टानं पाखंडी ठरवलं आणि ती जाळली गेली, 1456 मध्ये तो निकाल रद्द झाला, 1920 मध्ये ती संत.

राहिला दफनाचा मुद्दा, कारण "पूर्वी तर आत्महत्या केलेल्याला पुरत पण नव्हते" हे कुणीतरी काढतंच. हो, 1917 च्या चर्च कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचं दफन नव्हतं. 1983 च्या कायद्यात अंत्यविधी नाकारायच्या यादीतून आत्महत्या गेली. आणि यादीत जे उरलेत त्यांचाही विधी नाकारला तरी तो विधी नाकारणंच असतं, नरकाचा निकाल नसतो. त्यामुळं घरात असं काही झालं असेल तर शेजाऱ्याचं ऐकून गप्प बसू नका, फादरना भेटा आणि गेलेल्यासाठी मिस्सा सांगा.