परदेशातल्या आरोग्य प्रदर्शनात स्टॉल हवाय? आधी पत्ते जुळवा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात रुग्णालयाचं सामान बनवणारे छोटे गाळे आहेत. बेड, सलाइन स्टँड, सक्शन मशीन, असं बरंच काही. टिकाऊ, जागेवर दुरुस्त होणारं आणि परवडणारं सामान आफ्रिकेतल्या, दक्षिण आशियातल्या दवाखान्यांना हवंच असतं. नैरोबी, लागोस, दुबई इथल्या प्रदर्शनांत हे खरेदीदार एकाच छताखाली भेटतात आणि तिथे जायला सरकार आर्थिक मदतही देतं. तरीही अर्ज परत आल्याची ईमेल घेऊन येणारे उद्योजक मला सारखे भेटतात. त्यांचा माल चांगला असतो, अडतं ते कागदांवर.

पैसे कुणाकडून आणि कसे

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. एमएसएमई मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेत प्रदर्शनासाठी एकट्या कारखान्याला थेट अर्ज करता येत नाही. अर्ज करते ती उद्योग संघटना किंवा सरकारी संस्था, आणि आपण तिच्या शिष्टमंडळातून जातो. त्यामुळे पोर्टलवर 'वैयक्तिक अर्ज' शोधत संध्याकाळ घालवू नका. ठाण्यात टिसा ही लघुउद्योजकांची संघटना किंवा नवी मुंबईत ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांच्याकडे जाऊन यंदा कुठलं शिष्टमंडळ जाणार आहे ते विचारा. कुणीच जाणार नसेल तर चार-पाच जण मिळून संघटनेला तसं पत्र द्या.

दुसरी वाट वाणिज्य मंत्रालयाची, आपापल्या उद्योगाच्या निर्यात परिषदेमार्फत. मार्केट अ‍ॅक्सेस इनिशिएटिव्ह या नावाने ती वर्षानुवर्षं चालली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक्स्पोर्ट प्रमोशन मिशन मंजूर केलं आणि ही मदत आता त्याच्या छत्राखाली आली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफमधले आकडे धरून हिशेब मांडू नका. परिषदेकडून चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या.

दोन्हीकडे पैसे मागाहून मिळतात. स्टॉलचं भाडं आणि तिकीट आधी आपल्या खिशातून जातं. त्या पैशांवर पगार अवलंबून असेल तर या वर्षी जाऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

किमान कागद

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटी या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. जीएसटी, पॅन, चालू खातं, पासपोर्ट असतातच.

आयईसीत एक खोच आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो. काहीच बदललं नसेल तरीही 'बदल नाही' असं नोंदवावंच लागतं. नाही केलं तर कोड निष्क्रिय होतो. 'एकदा काढला, जन्मभराचा' ही समजूत पक्की बसलेली असते, आणि ऐन सप्टेंबरात फॉर्म भरताना कळतं की कोड बंद आहे. तो पुन्हा सुरू करता येतो, पण तोवर शिष्टमंडळाची यादी निघून गेलेली असते.

वैद्यकीय उपकरणांची निर्यात परिषद आरसीएमसी, म्हणजे नोंदणी आणि सदस्यत्वाचं प्रमाणपत्र, देते. हे प्रमाणपत्र पाच आर्थिक वर्षं चालतं. परिषदेची वर्गणी मात्र दरवर्षी भरायची असते. लोक प्रमाणपत्रावरची तारीख पाहून निर्धास्त राहतात आणि वर्गणी थकते. शिवाय मार्केट अ‍ॅक्सेसच्या नियमांत परिषदेचं १२ महिन्यांचं सदस्यत्व पुरं झालेलं असण्याची अट होती. प्रदर्शन ठरल्यावर सदस्य होणारे तिथेच गळायचे. पुढच्या वर्षी जायचा नुसता विचार असेल तरी सदस्यत्व आत्ताच घ्या.

पत्त्याचा घोळ

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडताना मी पाहिलेत. उद्यमवर डोंबिवलीच्या घराचा पत्ता, आयईसीवर वागळे इस्टेटमधला जुना गाळा, उत्पादन परवाना रबाळ्यातल्या नव्या शेडचा. तिन्ही कागद खरे, पण तपासणाऱ्यासमोर तीन वेगळे कारखाने उभे राहतात. उद्यम आणि आयईसीमधला पत्ता घरबसल्या बदलता येतो, ते आधी करा. परवान्याचं तसं नाही. तो जागेशी बांधलेला असतो, जागा बदलली की नव्या जागेचा परवाना लागतो.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे अ आणि ब या कमी जोखमीच्या वर्गांतल्या उपकरणांचा परवाना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, क आणि ड या जास्त जोखमीच्या वर्गांचा केंद्राची औषध नियंत्रण संस्था सीडीएससीओ. अ वर्गातली जी उपकरणं निर्जंतुक नाहीत आणि मोजमापही करत नाहीत, त्यांना परवान्यातून सूट आहे, फक्त ऑनलाइन नोंदणी लागते. म्हणजे साधा रुग्णालयाचा बेड बनवणाऱ्याकडे 'परवाना' नसतोच. परदेशी खरेदीदार मात्र परवाना मागतो. अशा वेळी घाबरून एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणीची प्रत आणि नियमातलं सूटीचं कलम जोडून पत्र द्या.

मुक्त विक्री प्रमाणपत्र

स्टॉलसाठी हे सहसा लागत नाही. लागतं ते ऑर्डर पदरात पाडून घेताना, आणि नेमकं तेव्हाच कुणाकडे नसतं. 'हे उत्पादन भारतात कायदेशीर विकलं जातं' एवढंच ते सांगतं, पण नायजेरियाचं नॅफडॅक किंवा केनियाचं फार्मसी अँड पॉयझन्स बोर्ड या तिथल्या नियामक संस्थांकडे उत्पादनाची नोंदणी करताना असे कागद मागितले जातात. बऱ्याच देशांना त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची आणि मग त्या देशाच्या वकिलातीची मोहोर लागते. अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाची एकच आंतरराष्ट्रीय मोहोर, मानणाऱ्या देशांत वकिलातीचा फेरा वाचतो. या मोहोरांना लागणारे आठवडे कुणी धरतच नाही. प्रदर्शनाला निघण्याआधीच अर्ज टाकून ठेवा.

नोंदणी तिथल्या स्थानिक प्रतिनिधीमार्फत होते. पहिल्याच भेटीत गोड बोलणाऱ्याला मुखत्यारपत्र लिहून देऊ नका. नोंदणी ज्याच्या हातात, त्या देशातली तुमची बाजारपेठही त्याच्याच हातात जाते.

नमुने नेताना

समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्यांचा एडी कोड, म्हणजे कस्टम्सकडे नोंदवायचा आपल्या बँकेचा कोड, न्हावा शेवाला नोंदलेला असतो. प्रदर्शनाचे नमुने जातात विमानाने, सहारच्या एअर कार्गोमधून. तिथे नोंद नसेल तर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, पुढे सरकत नाही. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर हे एका संध्याकाळी तपासून होतं.

नमुने परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट घ्या, म्हणजे सीमाशुल्क न भरता माल तात्पुरता नेण्या-आणण्याचा कागद. भारतात ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण ते सगळ्या देशांत चालत नाही. दक्षिण आफ्रिका, मोरोक्को, संयुक्त अरब अमिरातीत चालतं. तुमचा देश यादीत आहे का ते आधी पाहा. नसेल तर आयोजकांच्या अधिकृत मालवाहतूकदारामार्फत तात्पुरती आयात करावी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना माल विकायचा असेल तर यूएनजीएम या त्यांच्या खरेदी पोर्टलवर पुरवठादार म्हणून नोंदणी करा. ती मोफत आहे. 'आफ्रिकन मंत्रालयाचं टेंडर मिळालंय, नोंदणी शुल्क भरा' असे ईमेल मला इतक्यांनी दाखवलेत की आता विषय वाचूनच धडधडतं. असे पैसे भरू नका. आधी त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या वाणिज्य विभागाला लिहून खात्री करा.

निघण्याआधी

केनिया, नायजेरियासारख्या देशांतून परतताना पीतज्वर लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात लस घेऊन उपयोग नाही. परत येताना वैध प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

तिकीट इकॉनॉमीचं आणि कंपनीच्या खात्यातून काढा, रोखीने नको. स्टॉलच्या बिलावर कंपनीचं नाव उद्यमवर आहे अक्षरशः तसंच असू द्या. जाण्या-येण्याचे दोन्ही बोर्डिंग पास विमानातून उतरताच पाकिटात टाका आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढा. दाव्याचा फॉर्म हेच मागतो, आणि बोर्डिंग पास विमानाच्या सीटच्या खिशात राहून गेल्यावर ते पैसे मिळवणं फार अवघड होतं.