टॉवर फुल, तरी नेट चालेना? नवीन फोन घ्यायच्या आधी हे वाचा

दादरच्या आमच्या दुकानात रोज कोणी ना कोणी येऊन सांगतं, टॉवर फुल दाखवतोय पण नेट चालत नाही, आता फोनच बदलतो. थांबा जरा. बऱ्याचदा फोन ठणठणीत असतो आणि सगळा घोळ टूजी-फोरजीचा, म्हणजे नेटवर्कच्या जुन्या-नव्या पिढ्यांचा असतो, म्हणून हा कागद छापलाय.

आपल्याकडे पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. मुंबईत तेव्हा मॅक्सटच आणि बीपीएल या दोन कंपन्या, आणि मॅक्सटचचं पुढे ऑरेंज, मग हच, मग वोडाफोन, आता व्हीआय झालं, नंबर मात्र काही लोकांचा अजून तोच आहे! तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते फ्री झालं २००३ मध्ये. हे सगळं टूजी, म्हणजे कॉल आणि एसएमएस, नेट नंतर चिकटवलेलं. आजही वर जी किंवा ई दिसलं की समजा टूजीवर आहात, व्हॉट्सॲपचा फोटोसुद्धा उघडणार नाही.

थ्रीजी मुंबईत सरकारी एमटीएनएलने २००९ ला आणलं, बाकीच्या कंपन्यांनी स्पेक्ट्रमच्या (मोबाईल लहरींच्या) लिलावानंतर. एअरटेलने तर ते २०२० पर्यंत देशभर बंदही करून टाकलं. त्यामुळे जुना थ्रीजी फोन एअरटेलवर सरळ टूजीवर येऊन बसतो, रिपेअर करून काही उपयोग नाही, त्यावर खर्च करू नका असं आम्हीच सांगतो.

आता मेन मुद्दा. फोरजी मुळात डेटासाठी बनलंय, त्यात जुन्या पद्धतीचा कॉल जातच नाही, कॉलसुद्धा डेटासारखाच पाठवावा लागतो आणि त्याला व्होल्टी (VoLTE) म्हणतात. सेटिंगमध्ये हे बंद असलं तर कॉल आला की फोन खाली टूजीवर उतरतो आणि बोलणं संपेपर्यंत नेट गायब. जिओ सप्टेंबर २०१६ ला आलं तेच फक्त फोरजी घेऊन, त्यांच्याकडे टूजी नाहीच, म्हणून आजीच्या जुन्या बटणवाल्या फोनमध्ये जिओचं सिम टाकलं तर तो नुसता शोधत बसतो. फोनही खराब नाही, सिमही खराब नाही, जोडी चुकलीये. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच सुटतात, आणि सेटिंग चालू करून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही.

आणि ते टॉवरच्या दांड्यांचं. दांड्या सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, त्या टॉवरवर किती जण लटकलेत ते नाही. संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर किंवा विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर दांड्या फुल आणि नेट ठप्प, तिथे लाखाचा फोनही हेच करणार.

फाईव्हजी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, मुंबई पहिल्या शहरांमध्येच होती. स्पीड भारी, पण ते बरंचसं ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतं आणि हा बँड भिंतींमधून नीट शिरत नाही, त्यामुळे गॅलरीत फाईव्हजी आणि आतल्या खोलीत फोरजी असं होणारच. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, आतल्या खोलीतले कॉल सुधारतात. नुसता व्हिडिओ आणि युपीआय एवढाच वापर असेल तर फाईव्हजीच्या नावाखाली जास्त पैसे मोजायची गरज नाही, हे आमचं मत, दुकानदार असून सांगतोय.

परदेशातून फोन मागवत असाल तर आधी विचारा, तो आपल्याकडचे बँड पकडतो का. अमेरिकेतल्या आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलला सिमचा ट्रेच नसतो, ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम, करावं लागतं.

सिम बदलायला येताना ज्याच्या नावावर आहे त्यानेच यायचं, आधार घेऊन. आणि बदलून घेतलेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येणार नाही, तेव्हा गावचं तिकीट काढायचंय, हप्ता भरायचाय, तर ते आधी उरकून मग या.